गेटवरचे नऊ खेळाडू

आमच्या गावच्या क्रीडांगणाला गेल्या वर्षी नवं गेट बसलं. गेटवर एक जुना काळा-पांढरा फोटो खूप मोठा करून लावला आहे. चारजण खाली बसलेले, पाचजण मागे उभे. अंगात उभ्या पट्ट्यांचे सदरे, पाय अनवाणी. उभ्या रांगेतला मधला माणूस उंच आणि मिशीवाला आहे. त्याने फुटबॉल दोन्ही हातांनी पोटाशी धरला आहे. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे की हा गावाचा ऐतिहासिक फुटबॉल संघ असून तो जिल्ह्यात अजिंक्य होता.

अजिंक्य होता हे खरं आहे. हा संघ कधी हरला नाही, कारण तो कधी खेळला नाही. या नऊजणांपैकी एकानेही आयुष्यात फुटबॉलला पाय लावलेला नव्हता. त्यांना तसं ओळीत उभं मीच केलं होतं, आणि पुढे त्यांना अजिंक्यही मीच केलं. आता ऐंशीच्या घरात आलो आहे. हे लिहून ठेवायला माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, आणि सोयीचं म्हणजे मला खोटं पाडायलाही कोणी उरलेलं नाही. म्हणून जरा काळजीपूर्वक लिहितो.

पन्नासेक वर्षांपूर्वी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला नव्हता. सगळं चांदाच होतं, म्हणजे आजचं चंद्रपूर. मी नागपूरहून बी. ए. होऊन गावच्या शाळेत मराठी शिकवायला लागलो होतो. नागपुरात मी अभ्यास बेताचाच केला, पण एक फुटबॉलचा सामना पाहिला होता आणि दोन-तीन शहरी नाटकं. या भांडवलावर मी एक सामाजिक नाटक लिहिलं. नायक फुटबॉल संघाचा कप्तान. गाव त्याला समजून घेत नाही, आणि शेवटच्या अंकात तो खिलाडूवृत्तीवर बोलत बोलत प्राण सोडतो. आमच्या झाडीपट्टीत धान कापून झाले की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक होतं. सोयरे पोरीच्या साखरपुड्याला आले नाहीत तर चालतं, नाटकाला येतातच. तेव्हा नाटक लिहिणं ही आमच्याकडे काही धाडसाची गोष्ट नव्हती. फुटबॉलवर लिहिणं होती. गावात कबड्डी होती, आट्यापाट्या होत्या. फुटबॉल कोणी पाहिलेला नव्हता.

नाटकाआधी पत्रक निघायचं आणि पत्रकावर नटमंडळींचा फोटो असायचाच. फोटो नसलेल्या पत्रकावर लोकांचा विश्वास नसे. चांद्याहून फोटोवाला बाजाराच्या दिवशी यायचा, म्हणून तोच दिवस ठरवला. सदरे आमच्यातल्याच एका शिंप्याने शिवले. गादीला लागतो तो पट्ट्यापट्ट्यांचा कपडा त्याच्याकडे पडून होता. नाटकात खेळाडू अकरा होते. त्यातला एक त्या दिवशी सासुरवाडीला गेलेला आणि एकाचा बैल हरवलेला, म्हणून फोटोत नऊच आले. चप्पल कोणाकडेच सारखी नव्हती, म्हणून सगळ्यांना अनवाणी उभं केलं.

कप्तानाचं काम करणारा आमच्या बौद्ध मोहल्ल्यातला होता. भीमजयंतीला त्यांची गायन पार्टी असायची, तिचा हा मुख्य गाणारा. आवाज असा की सगळ्यात मागच्या बंडीत, म्हणजे बैलगाडीत, पेंगणाऱ्या म्हातारीलाही संवाद ऐकू जावा. नाल्याकाठी त्याची लहानशी वाडी होती, तिथे भाजीपाला लावायचा. त्याला मिशी नव्हती. कप्तानाला मिशी हवीच हा माझा हट्ट. बोकडाच्या केसांची एक मिशी होती, ती डिंकाने चिकटवली. तो म्हणाला, "गुरुजी, वास येऊन राह्यला." मी म्हणालो, फोटोत वास येत नाही.

मग लक्षात आलं की फुटबॉलच नाही. चांद्याहून जो आणणार होता तो विसरला होता. फोटोवाला घाई करत होता, त्याला बाजारात आणखी गिऱ्हाइकं होती. कप्तान म्हणाला, "थांबा जी," आणि पट्ट्यांच्या सदऱ्यात, मिशीसकट वाडीकडे पळाला. परत आला तो एक गोल गरगरीत कोहळं घेऊन. कोहळं म्हणजे लाल भोपळा, हे पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगतो. मी कंदिलाची काजळी तेलात कालवली आणि त्यावर फुटबॉलच्या शिवणीसारख्या रेघा ओढल्या. देठ तेवढा दिसत होता. तेव्हा देठाची बाजू पोटाकडे करून दोन्ही हातांनी घट्ट धर असं त्याला सांगितलं. फोटोवाल्याने काळ्या कापडात डोकं घातलं. मी बाजूला मागचा पडदा ताणून धरला होता, म्हणून मी त्या फोटोत नाही. एवढ्या एकाच बाबतीत माझ्यावर कोणी खोटेपणाचा आरोप करू शकणार नाही.

नाटक पडलं. तिसऱ्या अंकातल्या भाषणाला लोकांनी लावणीची मागणी केली, आणि लावणी नाही म्हटल्यावर बंड्या जुंपल्या. पुढे काही वर्षं बाजारात कोणी दिसलं की "गुरुजी, मेला का तो कप्तान?" असं विचारायचे. मी पुन्हा नाटक लिहिलं नाही. पत्रकं उरली होती ती चुलीत गेली. फोटोची मूळ प्रत मात्र मी ट्रंकेत ठेवून दिली. ती का जाळली नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

कप्तान पुढे दोनेक वर्षांतच वारला. बांबू कटाईच्या कामावर जंगलात गेला होता, तिकडेच तापाने गेला. त्याची बायको लहान पोरीला घेऊन माहेरी निघून गेली.

या गोष्टीला बरीच वर्षं झाल्यावर शाळेचा सुवर्णमहोत्सव आला. स्मरणिका काढायची ठरली आणि जुने फोटो गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. मी जे सापडलं ते स्टाफरूममध्ये मुख्याध्यापकांपुढे टेबलावर नेऊन टाकलं. त्यात हाही फोटो गेला. मुख्याध्यापक बाहेरगावचे, नवीन. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "वा! हा कोणता संघ, सर?"

त्या क्षणी माझ्यासमोर दोन वाटा होत्या. हे माझ्या पडलेल्या नाटकातले नट आहेत असं सांगायचं, किंवा काहीच माहीत नाही म्हणायचं. मी तिसरी काढली. "आपल्या गावचा जुना फुटबॉल संघ," मी म्हणालो. अख्खं स्टाफरूम ऐकत होतं. माझ्या नाटकावर हसलेले दोघे-तिघे तिथे बसले होते, आणि आता पुन्हा "मेला का तो कप्तान" ऐकायची माझी तयारी नव्हती. खोटं बोलायचं कारण एवढंच होतं. ते याहून मोठं असतं तर आज मला जरा बरं वाटलं असतं.

मुख्याध्यापक म्हणाले, यावर एक लेख द्या. मी दिला. नाटकापेक्षा तो कितीतरी चांगला जमला. नऊच खेळाडू का, तर दोघे आदल्या सामन्यात जखमी झाले होते. अनवाणी का, तर मातीशी नातं. गादीच्या कापडाबद्दल मी काही लिहिलं नव्हतं. ते काम चंद्रपूरच्या एका वार्ताहराने केलं. त्या पट्ट्यांवर कोलकात्याच्या कुठल्याशा जुन्या संघाचा प्रभाव असल्याचं त्याने छापलं. चेंडू पोटाशी धरण्याची ती विशिष्ट ढबही त्या काळच्या खेळाडूंची खूण असल्याचं त्याने लिहिलं.

मग नावांचा प्रश्न आला. मी नावं दिली नव्हती. गावाने दिली. ज्याला त्याला आपला बाप, काका, आजा त्यात दिसायला लागला. ज्यांना कोणताच चेहरा जुळेना त्यांनी त्या दोन जखमींवर दावा सांगितला. एका घराने तर कोणत्या पायाला लागलं होतं तेही सांगितलं. त्या काळात गावात तरुण असलेल्या एका माणसाचा मुलगा पुढे क्रीडा मंडळाचा अध्यक्ष झाला. त्याने मधल्या कप्तानावर बोट ठेवलं. "हे आमचे बाबा. मिशी पाहा ना गुरुजी, मिशी लपते का?" मी मिशी पाहिली. बोकडाची होती. मी म्हणालो, "हो, मिशी ठळक आहे."

खऱ्या नटांपैकी तेव्हा गावात एकटा शिंपी उरला होता. त्याला हयात खेळाडू म्हणून व्यासपीठावर बसवलं आणि शाल दिली. त्यानंतर पावसाळा आला की त्याचा गुडघा दुखायला लागला. एका सामन्यात गेला होता म्हणे. एकदा कोणी नसताना मी त्याला हटकलं. त्याने सुईत दोरा ओवता ओवता उत्तर दिलं, "लिवलं तुमी गुरुजी, दुखते मले."

तोही गेला. मग संघाचा इतिहासकार म्हणून दरवर्षीची शाल माझ्याकडे यायला लागली.

गेटचं उद्घाटन ठरलं तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये मंडळाची बैठक होती. अध्यक्ष, पाच-सहा सभासद आणि प्रमुख पाहुणा म्हणून मी. चहा आला होता. तेवढ्यात साठीच्या जवळपासची एक बाई दारात येऊन उभी राहिली. पायात स्लिपर, हातात कापडी पिशवी. सावली या तालुक्याच्या ठिकाणापुढच्या एका गावाहून बसने आली होती. तिचा मुलगा सूरजागडच्या खाणीवर ट्रक चालवतो. त्याने येता-जाता गेटवरचं फ्लेक्स पाहिलं, मोबाइलवर फोटो काढला आणि घरी नेऊन आईला दाखवला.

"मले बाकी काई नाई पायजे," ती म्हणाली. "त्या मधातल्या माणसाचा येक फोटो काढून द्या. ते माहे बाबा होत."

अध्यक्ष हसला. माणूस वाईट नाही तो. "बाई, ते आमचे बाबा होत. खाली नाव छापलं आहे."

"नाव छापल्यानं तोंड बदलते का जी?"

"तुमचे बाबा फुटबॉल खेळत होते?"

"नाई. त्याहिनं नाटकात काम केलं होतं."

"मंग झालं ना. हा फुटबॉलचा संघ आहे, नाटकाचा नाई."

"फुटबॉल कुठी हाय त्यात?" बाई म्हणाली. "ते कोहळं हाय. आमच्या वाडीतलं. फोटो काढला अन् बाबानं घरी आणलं. मायनं वरच्या काळ्या रेघा खरडून काढल्या अन् भाजी केली. म्या खाल्ली हाय."

हॉलमध्ये जो हशा पिकला तो माझ्या नाटकाला पिकला असता तर मी पुढेही लिहीत राहिलो असतो. एकजण म्हणाला, "फुटबॉलची भाजी! पंक्चर करून केली का, बाई?" दुसऱ्याने विचारलं, शिजायला किती वेळ लागला. बाई हसली नाही आणि चिडलीही नाही. ती हशा संपायची वाट पाहत उभी राहिली.

अध्यक्षाने डोळे पुसत विचारलं, "बरं, तुमच्या बाबाले मिशी होती का?"

"नाई."

"घ्या!" तो सभासदांकडे वळून म्हणाला.

तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, तुमी होते ना तिथी? माय सांगे का नाटक गुरुजीनं लिवलं होतं म्हून. तुमीच सांगा." आणि म्हणाली, "घरी मायचा फोटो हाय. बाजूले बाबासाठी खिळा ठोकून ठेवला हाय. त्याचा दुसरा फोटोच नाई कुठी."

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणालो, "फार जुनी गोष्ट आहे. पाहावं लागेल."

हे माझं वाक्य. तीन अंकांच्या नाटकात मी असं एकही वाक्य लिहिलं नव्हतं ज्याने समोरचा माणूस इतक्या लवकर दारातून निघून जाईल. ती "बरं" म्हणाली आणि गेली. कोणीतरी तिच्यासाठीही चहा सांगितला होता, तो मागून आला. तो मीच प्यालो.

घरी आलो तर बायकोला बातमी आधीच पोचलेली होती. आमच्या गावात ती चपलेच्या आधी पोचते. बायकोने त्या नाटकाच्या पडद्याला स्वतः टाके घातले होते, तेव्हा तिला सगळं माहीत होतं. इतकी वर्षं ती गप्प राहिली ते माझ्यावरच्या दयेने.

"मंग, बोलले का तुमी?"

"आता कार्डं छापून झाली आहेत."

"कार्डावर तिच्या बापाचं नाव हाय का?"

"नाही."

"मंग कार्डाचं काय सांगता? अन् आता आणखीन शाल नका आणू घरी. कपाट भरलं. खोटं ठेवाले जागा नाई राह्यली."

मी तिला म्हणालो की सगळ्यांसमोर सांगतो, उद्घाटनालाच सांगतो. तिने माझ्याकडे तसं पाहिलं जसं ती पूर्वी मी लिहिलेला अंक वाचून पाहायची.

उद्घाटनाला गर्दी चांगली होती. मंडप, लेझीम, पाहुण्यांच्या गाड्या. त्या बाईला मी निरोप पाठवला होता, पण धान कापणी चालू होती, ती आली नव्हती. माझी पाळी आली. मी माईक धरला आणि सरळ म्हणालो, "मित्रहो, गेटवरचा हा संघ कधीच फुटबॉल खेळलेला नाही."

टाळ्या पडल्या. मला वाटतं, आजच्या पोरांनी मैदानावर यावं यासाठीचा हा टोमणा असावा असा त्यांचा समज झाला.

मी पुढे गेलो. "ही माझ्या एका पडलेल्या नाटकातली नटमंडळी आहेत. सदरे गादीच्या कापडाचे आहेत. कप्तानाची मिशी बोकडाच्या केसांची आहे. आणि हातात आहे ते कोहळं आहे."

मंडप हसून हसून वाकला. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी एकमेकांच्या मांडीवर थापा मारल्या. आयुष्यभर मी विनोदी लिहायला हवं होतं हे मला त्या दिवशी कळलं. मी आवाज चढवून कप्तानाचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, मोहल्ल्यासकट. त्याची मुलगी आजही हयात आहे आणि तिला आम्ही हसून परत पाठवलं, हेही सांगितलं. तेव्हा हसणं जरा विरळ झालं. निवेदकाच्या लक्षात आलं की काहीतरी बिघडतंय. त्याने माझ्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला आणि माईक काढून घेतला. "आदरणीय गुरुजींनी आपल्या खुसखुशीत शैलीत…" असं काहीतरी तो म्हणाला. आणि मला शाल पांघरली.

संध्याकाळी अध्यक्ष घरी आला. ओसरीवर बसला, हातातला मोबाइल फिरवत.

"गुरुजी, मिशी खरंच नकली होती?"

"हो."

"मंग आमचे बाबा कोणते? बसलेल्यांत हायेत का?"

"नाही."

"नाटकात तरी होते का नाई?"

"नाटक पाहायला आले होते," मी म्हणालो. "पहिल्या अंकानंतर उठून गेले. जाताना मला सांगून गेले की झोप येऊन राह्यली."

तो हसला नाही. मग हळूच म्हणाला, "माय आमची त्या फोटोले हार घालते रोज. अन् रोज इचारते का हा मानूस कोन हाय म्हून. आमाले वाटे, वयामुळं विसरून राह्यली."

आतून बायकोने चहा आणला. तिने तो अध्यक्षापुढे ठेवला आणि म्हणाली, "तुह्या मायलेच अध्यक्ष करा लागत होतं बापू."

गेटवरचा फोटो त्याने काढला नाही. काढला तर मंडळात भांडणं होतील, गेटचे पाहुणे काय म्हणतील, वगैरे. पण दोन दिवसांनी खालची सगळी नावं पांढऱ्या रंगाने पुसलेली दिसली. आता तिथे "ऐतिहासिक फुटबॉल संघ" आणि "अजिंक्य" एवढंच आहे. नऊजण पुन्हा अनोळखी झाले, आणि माझ्या मते खोट्या नावांपेक्षा ते बरं. खरी नावं लिहा म्हणून मी मंडळाला सांगत असतो. ते "पुढच्या बैठकीत घेऊ" म्हणतात. जखमी झालेल्या त्या दोघांच्या घरचे अजून माझ्याशी बोलत नाहीत. इथेही मी नावं लिहीत नाही. एकदा माझ्यामुळे चुकीची छापली गेली आहेत. त्या नऊजणांच्या घरची जी माणसं सापडली त्यांना मी घरी जाऊन तोंडी सांगितलं. दोन घरांनी आनंदाने ऐकलं. एका घराने म्हटलं की फुटबॉलच बरा होता.

बाईकडे मी धान कापणी संपायच्या आतच गेलो. ट्रंकेतून मूळ प्रत काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि सावलीची बस धरली. पुढे तिच्या गावापर्यंत काळीपिवळी जीपने. ती खळ्यावर होती. मला पाहून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "या जी गुरुजी. पाहून झालं का?"

माझंच वाक्य होतं ते. तिने ते साधेपणाने म्हटलं की मुद्दाम, मला ठरवता आलं नाही.

"पाहून झालं," मी म्हणालो. "ते तुझेच बाबा आहेत. मला तेव्हाही माहीत होतं."

"माहीत होतं?"

"हो."

 तणसाच्या ढिगावरून एक काडी उचलून तिने ती बोटांत मोडली, मग दुसरी. मी माफी मागायची तयारी करून आलो होतो, चार वाक्यं मनात जुळवली होती. ती सगळी तिसऱ्या अंकातल्या भाषणासारखी वाटायला लागली, म्हणून मी वर्तमानपत्र सोडलं आणि फोटो पुढे केला. तिने हात लुगड्याला पुसले आणि तो घेतला. बराच वेळ पाहिला.

"मिशी कोनाची हाय मंग?"

"चिकटवलेली. डिंकाने."

"हाव!" ती एकदम म्हणाली. "म्हून मी भेली होती! कोनी मिशीवाला मानूस कोहळं घेऊन घरात शिरला अन् मी मायच्या मांगं लपली. मंग त्यानं ओढून काढली. वरचा ओठ लाल लाल झाला होता. मले वाटे, सपन पडलं असन." आणि ती हसली. त्या दिवशीच्या हॉलमधला हशा मला आठवला, आणि हे हसणं त्याच्याशी जुळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सावलीला स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाला तरुण, भिंतीवर लग्नाचे अल्बम, समोर कॉम्प्युटर. त्याने फोटो स्कॅन केला, बाकीचे आठजण काढून टाकले आणि कप्तानाला मोठं केलं. बाई पडद्याकडे वाकून पाहत होती.

"मिशी काढून देता येते का बापू? माह्या बाबाले मिशी नव्हती."

"काऊन नाई? दोन मिनिटं."

त्याने मिशी काढली. खाली ओठ नव्हताच, तर त्याने केला. कुठल्या तरी दुसऱ्या चेहऱ्याचा असेल, किंवा संगणकाच्या मनातला. गोंडस, गुळगुळीत, जरासा हसरा. मला तो ठीक वाटला. मला असं बरंच काही ठीक वाटत आलं आहे.

बाईने मान हलवली. "हे नाई होत माहे बाबा. वापस लाव मिशी."

"पण मिशी नव्हती म्हणता ना, मावशी?"

"असू दे. त्याहिनं लावली होती."

मिशी परत आली. मग पोराने फोटो फ्रेमच्या मापात बसवला, छातीपर्यंत. नेहमी तसाच करतात म्हणाला, भिंतीवर शोभतो. पडद्याच्या खालच्या काठाशी दोन हातांची बोटं आणि एका गोलाईचा वरचा तुकडा तेवढा दिसत होता. काजळीची एक रेघ. मी ओढली होती ती.

"खाली घे," बाई म्हणाली.

"फ्रेम मोठी लागन मंग. अन् फुटबॉलचं काय काम हाय मावशी?"

बाईने माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी लगेच बोललो. "फुटबॉल नाही ते. कोहळं आहे. यांच्या वाडीतलं."

पोराने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. मग त्याने फोटो खाली सरकवायला सुरुवात केली, आणि बाई म्हणत राहिली, "आणखी. आणखी थोडं. आख्खं येऊ दे."